वाकड्या काजूवरची राणी

९ ऑक्टोबर २०२४
वरची वाडी, तालुका देवगड

कु. अक्षया हिस,

या पत्राने कळविण्यात येते की, विहिरीकडील बागेची जमीन सामाईक असली तरी त्यातील काजूची झाडे दोन घरांत पूर्वीच वाटली गेली आहेत. वरची रांग तुझ्या आईची, खालची रांग आमची. असे असताना खालच्या रांगेतील झाडांना तू विनापरवानगी आपल्या अभ्यासाच्या खुणेच्या निळ्या पट्ट्या बांधल्या आहेस. त्या आज काढून टाकल्या. दिवाळी झाल्यावर माझ्या सर्व झाडांवर औषध फवारून हुमले (पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या) नष्ट करण्यात येतील. हरकत असल्यास लेखी कळवावी.

झाली ऑफिसची भाषा. आता माझ्या भाषेत आयक.

तुझो फोन लागणा नाय. लागतलो कसो? मे महिन्यात माझो नंबर ब्लॉक करून बसलंस. म्हणान ह्या रजिस्टर पत्र. सही करून घेवक लागतला, मगे 'माका मिळालांच नाय' म्हणूक गावचां नाय.

तुका ते तांबडे हुमले म्हंजे अभ्यास. बेंगळूरात बसून तेंचे फोटो लावतंस, तेंच्यावर भाषणां देतंस. आमका हुमले म्हंजे काय, ता दाजींका विचार. माझो बापूस जन्मभर झाडांर चढलो, कधी पाय घसरलो नाय. ह्या मे महिन्यात शेवटच्या काजी पाडूक वाकड्या काजूर चढले, हुमले डोळ्यांक चावले, हात सुटलो आणि खाली इले. कमरेखालचां आंग अजून हलणा नाय. खिडकीकडे खाटलां लावलंय. थंयसून त्याच झाडाक बघत पडान आसत.

गेल्या वर्षी मी औषधाचो पंप भायर काढललो. आडवल्यान कोणी? तू. 'चंदनदादा, एक वर्ष थांब, माझं काम अर्धवट राहील.' थांबलंय. भैणीचां आयकलां. तेचां फळ खिडकीकडच्या खाटल्यार आसा.

आता कोणाचां आयकूचंय नाय.

तुझो वाटणीपुरतो भाऊ,
चंदन


१९ ऑक्टोबर २०२४
बेंगळुरू

चंदनदादा,

'दादा' सवयीने लिहिलं गेलं. त्यात मान शोधू नकोस.

रजिस्टर मिळालं. सही करताना पोस्टमन माझ्याकडे असा बघत होता की मी कुणाचं तरी घर बुडवून इथे येऊन लपलेय. नंबर ब्लॉक केला, कारण मे महिन्यात तू मला फोनवर 'खुनी' म्हणालास. दाजीकाका जिवंत आहेत, देव करो आणि शंभरी गाठोत, आणि मी खुनी! असलं ऐकून घ्यायला मी रिकामी बसलेली नाही.

आता तुझ्या औषधाचं. सगळा जन्म हुमल्यांच्या खाली काढूनही ते काय आहेत हे तुला कळलेलं नाही, म्हणून सांगते. तुझ्या रांगेवरचे आणि आईच्या रांगेवरचे हुमले दोन घरचे नाहीत. ती सगळी मिळून एकच वसाहत आहे. जिथे तुझी फांदी आईच्या फांदीला टेकते तिथून त्यांची ये-जा चालते. पानं दोन्हीकडून ओढून धरायची आणि आपल्याच पिल्लांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवायची, अशी ती घरटी होतात. घरटी पुष्कळ, पण राणी एक. ती एकाच झाडावर, एकाच घरट्यात असते. तिथून तिच्या मुली अंडी तोंडात धरून बाकीच्या झाडांवर पोचवतात. तुला चावतात त्या सगळ्या तिच्या मुली. नर चावत नाहीत आणि कामही करत नाहीत. हे तुला लगेच पटेल.

तर ती राणी आईच्या झाडावर आहे. विहिरीच्या कठड्याला लागून आहे ना, त्या. तेव्हा तुझ्या रांगेवर पाहिजे तेवढं विष ओत. थोड्याच दिवसांत आईच्या झाडावरून नवी फौज तुझ्याकडे चढेल. औषध फुकट आणि पाठीवर पंप घेऊन फिरणं फुकट. शिवाय मधल्या काळात ढेकण्या मोकाट सुटेल. ती कोवळ्या फुटीला आणि मोहराला सोंड खुपसून रस शोषते आणि फांदी पोळल्यासारखी काळी पडते. आपल्या बागेत ती फारशी दिसत नाही, कारण हुमले तिला खातात. आई एकटी आहे आणि त्या एका रांगेवर जगतेय, एवढं तरी डोक्यात असू दे.

आणि काहीही झालं तरी वाकड्या काजूवर फवारू नकोस. जुनं झाड आहे, औषध सोसणार नाही.

अक्षया


६ नोव्हेंबर २०२४
वरची वाडी

गो शास्त्रीणबाई,

तुझां पत्र परत परत वाचलंय. पयलो राग इलो, मगे हसाक इलां. माझां अडलेलां काम तू एका कागदात करून दिलंस.

राणी तुझ्या आवशीच्या झाडार, न्हय? अंडी सगळी थंयसूनच येतत, न्हय? मगे माका औषध कित्याक होया? भावबीजेचो दिवस होतो. भैण ओवाळूक इली नाय, हात मोकळेच होते. कोयतो घेतलंय आणि जंय जंय माझी फांदी काकीच्या फांदीक लागता, थंयसून माझी फांदी तोडून टाकलंय. काकीच्या झाडाचां एक पान तोडूक नाय, जा विचार तुझ्या आवशीक. खालच्या रांगेच्या सगळ्या बुंध्यांक ग्रीसचे पट्टे मारलंय, म्हंजे जमनीवरसून पण कोण चढूचो नाय. आता तुझी राणी तुका, माझी झाडां माका. माझ्याकडचे हुमले राणीशिवाय म्हातारे होवन मरतले. औषधाचो एक थेंब सांडूक नाय. तुझां पर्यावरण का काय ता, ता पण शाबूत.

दाजींका सांगलंय. खिडकीतसून तोडलल्या फांद्यांकडे बघत रवले.

वाट तूच दाखवलंस, म्हणान आभार मानूक ह्या पत्र.

चंदन


१५ नोव्हेंबर २०२४
बेंगळुरू

चंदन,

या वेळी 'दादा' नाही, नीट बघून घे.

भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं सोडून कोयता घेऊन निघालास आणि वर मला पत्र लिहून कळवतोस. शाब्बास! दाजीकाकांनी हेच शिकवलं वाटतं.

ते ग्रीसचे पट्टे आत्ताच्या आत्ता पूस आणि फांद्या तोडल्यास तिथे दोऱ्या बांध. का म्हणून विचारू नकोस. बरं, विचारल्याशिवाय तू राहणार नाहीस, तर ऐक, तू काय करून ठेवलंयस ते.

राणी आयुष्यात एकदाच, उडण्याच्या दिवसांत, नराशी जुगते. ते बीज ती पोटात वर्षानुवर्षं जपून ठेवते. अंड्याला बीज दिलं की मादी जन्मते. नाही दिलं की नर. म्हणजे नराला बाप नसतोच. आईकडून आजोबा तेवढा असतो. आता एखाद्या झाडावरच्या मुंग्या राणीपासून तुटल्या, तिचा वास येईनासा झाला, की कामकरी मुली स्वतःच अंडी घालायला लागतात. त्यांच्याकडे बीज कुठलं असणार? म्हणून त्यातून निपजतात फक्त नर. बारके, काळे, पंखवाले, बिनबापाचे. खाऊन बसून राहणारे. कामाला नवं कुणी जन्मत नाही, म्हाताऱ्या मरत जातात, आणि एक दिवस झाड रिकामं होतं. औषधाने एका दिवसात मेल्या असत्या, त्यांना तू महिनोन् महिने मारणार आहेस.

लहानपणी तू मला विचारायचास, मुंगी दुसरीसाठी जीव कसा देते गो? तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. आता माहीत आहे. नराला बाप नसल्यामुळे त्याच्याकडे वाटायला रक्ताचा एकच हिस्सा असतो, आणि तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो. म्हणून बाप एक असला तर सख्खी बहीण स्वतःच्या पोटच्या मुलीपेक्षाही रक्ताने जवळची. बहीण जगली की आपलंच रक्त पुढे जातं. कोट्यवधी वर्षांत अशी ही वाट पडत गेली, कुणी शिकवायला गेलं नव्हतं. माणसाचं तसं नाही. सख्ख्या भावंडांत रक्ताचा अर्धा हिस्सा सारखा आणि चुलत भावंडांत आठवा. आठव्या हिश्शाच्या माणसाकडून मी जास्त अपेक्षा ठेवायला नको होती.

पट्टे पूस, चंदन. हात जोडून सांगत नाही, बजावून सांगतेय.

अक्षया


२४ जानेवारी २०२५
वरची वाडी

अक्षया,

मधली तुझी दोन पत्रां फोडूक पण नाय. तशीच कपाटावर आसत. दोन महिने मी गप्प बसून बघत होतंय. दाजी खिडकीतसून बघत, मी झाडाखालसून.

म्हटलां, आज मरतले, उद्या मरतले. माझ्या रांगेरचे हुमले काय मरनत नाय. उलट नवी घरटी. एक फांदी कापून उघडून बघलंय तर भुतूर पांढऱ्या पिल्लांचो खच. काजूक मोहर असो इलो की वाटसरू उभे रवान बघतत. मगे काकीच्या रांगेक गेलंय. विहिरीकडच्या झाडार, तुझ्या राणीच्या राजवाड्यात, घरटां उघडलंय. भुतूर काय? बारके, काळे, पंखवाले. खाऊन बसून राहणारे. कामाचां एक पिल्लू नाय. तुझां नोव्हेंबरचां पत्र खिशात होतां. थंयच झाडाखाली वाचून मेळ घातलंय.

राणी तुझ्या आवशीकडे कधीच नव्हती. ती माझ्याकडे आसा. वाकड्या काजूर. 'काहीही झालं तरी वाकड्या काजूवर फवारू नकोस, जुनं झाड आहे.' सगळीच झाडां जुनी आसत गो बाय! तेव्हाच माझी ट्यूब पेटूक होयी होती.

तू माका फसवलंस. आणि मी स्वताक शाणो समजान कोयतो चालवलंय, तो पडलो काकीच्या पोटार. तिच्या रांगेक ढेकण्या लागली. फूट काळी, मोहर काळो. काकी रोज सकाळी आमच्याकडे येता, माझ्या बायलेवांगडा दाजींची कूस बदलता, तेंका पेज भरवता. आपल्या झाडांचो एक शब्द काढूक नाय. काढल्यान असतो तर बरां झालां असतां, भांडूक तरी गावलां असतां. माका तिच्या तोंडाक बघवणा नाय. तू खरां सांगलां असतंस तर मी काय केलां असतां? वाकड्या काजूर औषध मारलां असतां. बरोबर. पण काकीची रांग अशी माझ्या हातान सुकली नसती.

बिनबापाचे म्हणालंस ना? तुझ्या हुमल्यांक बापूस नाय, तेंचां चलता. माका एक आसा आणि तो पडान आसा.

आता राणी माझ्या हातात आसा. पंप भरून पडवीत ठेवलंय. तिका जिती ठेवूचां एक कारण सांग. खोटां नको.

चंदन


१ फेब्रुवारी २०२५
बेंगळुरू

चंदन,

हो, खोटं बोलले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. हातात पंप घेतलेल्या माणसाला राणीचा पत्ता कोण देतं?

आईच्या झाडांचं मला आई सांगत नाही. फोनवर विचारलं की म्हणते, "सगळां बरां आसा, तू जेवलंस?" तुझ्या पत्रातून कळलं. ते वाचून मी त्या दिवशी कामावर गेले नाही, एवढंच तुला सांगते. त्याच्यावर खूश व्हायचं तर हो.

आता कारण. खरं पाहिजे म्हणालास ना? मग घे. दाजीकाका हुमल्यांमुळे पडले नाहीत. फांदी मोडली. मे महिन्यात आईने पाठवलेल्या फोटोत ती पडलेली फांदी दिसते. मोडली तिथे आत पोकळ, आणि कडेला भुसा. खोडकिड्याने पोखरलेली. त्याच्या आदल्या दिवाळीत मी तुला त्याच झाडाखाली उभं केलं होतं. बुंध्याशी पडलेला भुसा चिमटीत धरून तुझ्या नाकासमोर नेला होता आणि म्हटलं होतं, ही फांदी पोखरलीय, उतरवून टाक. तू काय म्हणालास? "बघूया गो, काजी काढून झाल्यार." आणि त्याच फांदीवर त्यांना चढू दिलंस.

हुमले चावले असतील. ते काकांना लहानपणापासून चावतायत. काका त्यांना शिव्या घालत उतरायचे आणि हसत चहा प्यायचे. मला पहिलं घरटं त्यांनीच दाखवलं, मला खांद्यावर घेऊन. ते पडल्यावर तुला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. मुंगी उलट बोलत नाही आणि मी लांब. तुला सोपं गेलं.

मार राणी. मारलीस की तुझी रांगही आईच्या रांगेसारखी होईल आणि पुढच्या जानेवारीत तूही काळा मोहर बघत बसशील. राणी मारून दाजीकाका खाटेवरून उठणार असतील तर मीच येऊन पंप भरून देते.

अक्षया


१८ फेब्रुवारी २०२५
वरची वाडी

अक्षया,

पत्र वाचलंय आणि चुलीत घातलंय. मगे पंप पाठीर घेवन बागेत गेलंय. राणीक मारूकच गेलंय, खोटां सांगणंय नाय.

वाकड्या काजूच्या खाली उभो रवलंय. मोडलल्या फांदीचो खुंट वयर तसोच आसा. गेल्या मेपासून त्या खुंटाकडे मी बघूकच नव्हतंय, खरांच सांगतंय. शिडी लावलंय, चढलंय आणि खुंटाच्या भोकात बोट घातलंय. आख्खां बोट भुतूर गेलां. तुझां बरोबर होतां असां मी म्हणणंय नाय. बोट भुतूर गेलां, इतक्याच सांगतंय.

पंप न मारता घराक इलंय. दाजी खिडकीतसून बघतच होते. "काय गावलां रे?" म्हणान विचारल्यानी. "भुसो," म्हटलंय. तर म्हणतत, "माका म्हायत होतां. माका वाटलां, फांदी येवडो एक मोसम धरीत." गोठ्यामागे जावन बसलंय.

मगे एक काम केलंय. काकीसाठी, तुझ्यासाठी नाय. वाकड्या काजूपासून विहिरीकडच्या झाडापर्यंत सुंभाची दोरी ताणून बांधलंय. म्हटलां, राणीच्या मुली दोरीवरसून जातीत, आपल्या भैणींका भेटतीत, अंडी नेतीत, सगळां पयल्यासारखां होईत. दोघांकडसून हुमले दोरीर चढले. मधोमध गाठ पडली. भेटल्यो नाय गो. एकमेकींचे पाय तोंडात धरून ताणूक लागल्यो. सकाळी बघतंय तर दोरीखाली मेलल्यांचो सडो, आणि दोरीर अजून जुंपलल्योच.

एकाच आवशीची पोरां ना ही? इतक्यात इसरल्यो? तूच लिवलंस ना, सख्खी भैण पोटच्या चेडवापेक्षा जवळची म्हणान. मगे ह्या काय? माका कळणा नाय. आपलां भांडाण वायच बाजूक ठेव आणि सांग, दोरी ठेवू की तोडू?

चंदन


२४ फेब्रुवारी २०२५
बेंगळुरू

चंदन,

दोरी तोड. हे वाचून झाल्यावर पुढचं वाचायच्या आधी जाऊन तोड.

तोडलीस? आता ऐक. रक्त किती जवळचं, हे मुंगीला कळत नाही. ते गणित मी मांडते, त्या मांडत नाहीत. मुंगी मुंगीला वासाने ओळखते. एकमेकींना तोंडातला घास भरवायचा, एकमेकींचं अंग चाटायचं, असं करत सगळ्या वसाहतीचा मिळून एक वास होतो. राणीचाही त्यात येतो. पण तो रोज मिसळावा लागतो. तुझ्याकडच्या आणि आईकडच्या तीन महिने मिसळल्या नाहीत. दोघींचे वास आपापल्या वाटेने गेले. दोरीवर समोर आली ती त्यांच्या लेखी बहीण नव्हती, शत्रू होती. मोठ्यांचं आता जमायचं नाही, तू गावभर दोऱ्या बांधल्यास तरी.

पिल्लांचं जमू शकतं. पिल्लांना अजून कुठलाच वास पक्का चिकटलेला नसतो, ज्या घरात मोठी होतील तिथला लागतो. वाकड्या काजूवरचं पिल्लांनी भरलेलं एखादं घरटं उतरवायचं, मोठ्या मुंग्या झटकून टाकायच्या आणि पिल्लं तेवढी विहिरीकडच्या झाडावर, आईकडच्यांच्या घरट्याला लागून ठेवायची. त्या उचलून आत नेतात. नेतीलच असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. आईचा या वर्षीचा मोहर गेला तो गेला. पुढच्या वर्षी झाडावर कुणीतरी राखणीला असेल.

शेंड्याकडे सगळ्यात दाट पानांचं, मोठं घरटं आहे. राणी त्यात आहे. ते सोडून कुठलंही घे. बघ, या वेळी पत्ता खरा दिलाय आणि तुझा पंप भरलेलाच असणार, हेही मला माहीत आहे.

मीच येऊन चढायला हवं. येते म्हणून दोनदा तिकीट काढलं आणि रद्द केलं. दारात तू काय बोलशील त्याची भीती नाही, तेवढं तोंड मलाही आहे. दाजीकाका काहीच बोलणार नाहीत, माझ्याकडे बघून नुसते हसतील, त्याची आहे.

तेव्हा हे तुझ्याकडे मागतेय. मागताना किती जड जातंय ते तुला समजेल, आणि बरंही वाटेल. वाटू दे.

अक्षया


१२ मार्च २०२५
वरची वाडी

अक्षया,

बरां वाटलां. खूप बरां वाटलां. तुझां पत्र दाजींका मोठ्यान वाचून दाखवलंय, 'मागतेय' थंय थांबून परत वाचलंय.

दोरी तेव्हाच तोडलंय. मगे पोखरलली फांदी खुंटासकट उतरवलंय, जी दीड वर्सामागे उतरवूची होती. हातापायांक चुलीतली राख फासलंय, डोक्याक फडको गुंडाळलंय आणि वाकड्या काजूर चढलंय. राखेक तुझे हुमले काय भीक घालनत नाय. मान, कान, पापणी. आणखी खंय चावले ता सांगूक लाज वाटता. दाजी खिडकीतसून वरडाक लागले, "डावो पाय खाली घाल! त्या फांदेर भरवसो ठेव नको! अरे, खाली बघ नको!" पडल्यापासून तेंचो इतको आवाज आमी कोणी आयकूक नव्हतो. माझी बायल रांधपातसून धावत भायर इली, तिका वाटलां दाजींका काय झालां.

शेंड्याकडचां घरटां बघलंय. दाट पानांचां, नारळायेवडां. हात पोचत होतो. सगळी आग तिच्यामुळेच आंगाक लागलली आणि ती हाताच्या अंतरार. थोडो वेळ बघलंय. मगे तेच्या खालचां उतरवून आणलंय.

मोठे झटकून टाकलंय, जेवढे झटकले तेवढे. उरलले माझ्या हातार होते. पिल्लां विहिरीकडच्या झाडार, घरट्याच्या तोंडाशी ठेवलंय. काकी खाली पदर तोंडार धरून उभी. पयले तेंच्यातल्यो म्हाताऱ्यो येवन नुसत्यो हुंगत रवल्यो. मी म्हटलां, आता फाडून खातत. मगे एकीन एक पांढरां पिल्लू तोंडात धरल्यान आणि भुतूर गेली. मगे दुसरीन. काकी रडली. मी नाय. माझ्या डोळ्याक हुमलो चावललो.

आता आयक. काकीच्या झाडार राणी नाय ती नायच. ही पिल्लां म्हातारी झाली की परत माझ्याच झाडाची पिल्लां लागतली. दर वर्सा. तूच हिशेब कर, तुका गणित येता. दर वर्सा चावून घेवक मी रिकामो नाय. बेंगळूरसून पत्र धाडून पिल्लां काय चलत जायत नाय. फुडल्या वर्सा तू येवन चढ. दाजी विचारतत, "अक्षा कधी येतली?" मी सांगलंय, राखेचो डबो भरून ठेवलंय, येतली तेव्हा येतली. ते हसले. तू भितंस तसां नाय, वेगळे हसले.

नंबर ब्लॉकच रवांदे, माका तुझो आवाज आयकूची हौस नाय. शिडी मी खालसून धरतलंय. धरून ठेवतलंय की सोडतलंय, ता तू वयर पोचलंस की बघू.

तुझो आठव्या हिश्शाचो भाऊ,
चंदन